आईने वाट का बदलली?

नमस्कार ताई,
मी मूळची रत्नागिरी तालुक्यातल्या एका बंदराच्या गावातली. वय २६. नोकरीमुळे नालासोपाऱ्याला खोली घेऊन राहते. आई ५४ वर्षांची आहे, मासळी विकते. रोज पहाटे चारला घर सोडते, जेटीवर लिलावात म्हावरं घेते आणि पाटी टेम्पोत टाकून बाजाराला जाते. बाबा गेल्यापासून घर तिच्याच जिवावर चाललंय. तीन आठवड्यांपूर्वी बर्फाच्या कारखान्यामागच्या बोळात कुणीतरी मागून तिचा दंड धरला आणि कमरेची पैशांची पिशवी ओढली. ती ओरडली, तो पळाला. पैसे वाचले. अंधारात कोण होता ते कळलं नाही, असं ती म्हणते. तक्रार केलेली नाही. आता ती बोळाने न जाता शाळेवरून मोठा वळसा घालते. आणि ज्या दलालाकडून वर्षानुवर्षं माल घ्यायची त्याच्याकडून घेणंही तिने बंद केलंय. भाव परवडत नाही म्हणते.
मी ऑनलाइन स्टनगन मागवली आहे. दिसते टॉर्चसारखी. बटण दाबलं की पुढच्या दोन टोकांत निळी ठिणगी तडतडते. खोक्यावर ‘७० लाख व्होल्ट’ लिहिलंय, ‘परवाना लागत नाही’ असंही लिहिलंय. पुढच्या आठवड्यात गावच्या एका माणसाबरोबर पाठवणार आहे. पण आईचे हात कायम ओले, खाऱ्या पाण्याचे. तिलाच शॉक बसेल का? समोरचा मेला तर? आणि हे खरंच कायदेशीर आहे का? मुंबईला ये म्हटलं तर म्हणते, मी माझ्या गावात कशाला घाबरू?
— एक चाकरमानी मुलगी

तू मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगंच करते. उत्तर लांब आहे, तेव्हा महत्त्वाचं आधी सांगून टाकते. ती टॉर्च गावी पाठवू नकोस. गावच्या माणसाच्या हाती तर मुळीच देऊ नकोस. पुडक्यात काय आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसणार, आणि वाटेत कुठे सामान तपासलं गेलं तर जाब त्याला द्यावा लागेल.

कायद्याचं आधी उरकते. खोक्यावर काहीही छापलेलं असो, अशा वस्तूला परवाना लागतो. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्यातली शस्त्राची व्याख्या बंदूक आणि तलवारीपाशी थांबत नाही. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली कुठलीही वस्तू तिच्यात बसते. म्हणजे ‘हे फक्त बचावासाठी आहे’ हे विकणाऱ्याचं वाक्य सुटकेचं नाही, उलट व्याख्येत नेऊन बसवणारं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी तर विजेच्या धक्क्याने माणसाला निकामी करणाऱ्या उपकरणांचा वेगळा उल्लेख करून ती परवान्याखाली आणली. ऑनलाइन मिळते, घरपोच येते, यावरून ती चालते असं समजू नकोस.

आता हे आईच्या बाबतीत कसं उलटेल ते बघ. तो माणूस पुन्हा आला, आईने बटण दाबलं, तो पळाला, असं धरून चालू. सकाळी तोच चार माणसं घेऊन पोलीस ठाण्यात जाईल आणि सांगेल की या बाईने मला शॉकचं हत्यार लावलं. आई फिर्याद द्यायला गेली तरी पहिला प्रश्न हत्याराचा येईल. बायकांच्या तक्रारी लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. खरी फिर्याद असलेली बाई स्वतःच्याच एखाद्या चुकीमुळे गप्प बसवली जाते, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. तुझ्या आईच्या हातात आज एक स्वच्छ तक्रार आहे. ती अशीच स्वच्छ राहू दे.

आता ते ७० लाख व्होल्ट. तू ठिणगी पाहिली आहेस. दोन टोकांमध्ये अंतर किती आहे? दोन सेंटीमीटर धर. कोरड्या हवेतून एक सेंटीमीटर ठिणगी उडवायला साधारण तीस हजार व्होल्ट लागतात. म्हणजे तुझ्या हातातली वस्तू फार तर साठ हजारांच्या घरात असेल. ७० लाख खरे असते तर ठिणगी सव्वादोन मीटर गेली असती, तुझ्या खोलीच्या या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत. जो माणूस खोक्यावर असा आकडा छापतो, त्याच्या ‘परवाना लागत नाही’वर किती विश्वास ठेवायचा ते तूच ठरव.

शिवाय व्होल्टचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावरून धक्क्याचा जोर कळत नाही. माडाच्या शेंड्यावरून एक थेंब पडला तर उंची मोठी, पण पाणी थेंबभरच. गुडघाभर उंचीवरून वाहणारा श्रावणातला वहाळ मात्र माणसाला ओढून नेतो. व्होल्ट म्हणजे ती उंची आणि करंट म्हणजे पाणी. घरातल्या बोर्डावर फक्त २३० व्होल्ट असतात, पण तिथून वहाळासारखी वीज वाहत राहते, म्हणून माणूस मरतो. या टॉर्चमधून अगदी क्षणिक, तुटक स्पंदनं निघतात. एकेक थेंब.

मग पोलिसांच्या व्हिडिओत माणूस लाकडासारखा कोसळतो तो कसा, असं तुझ्या मनात आलं असेल. ते टेझर. टॉर्च आणि टेझर यांत फरक आहे, आणि विकणारे तो मुद्दाम पुसतात. टेझर अमेरिकेत जॅक कव्हर या संशोधकाने १९७० च्या दशकात बनवलं. हल्लीच्या टेझरमधून दाबाखालच्या नायट्रोजनच्या जोरावर दोन छोटे काटे सुटतात. मागे बारीक तारा असतात. काटे काही मीटरवरच्या माणसाच्या कपड्यांत किंवा कातडीत रुततात आणि सहसा पाच सेकंद वीज वाहते. दोन काटे एकमेकांपासून वीतभर किंवा हातभर लांब रुतले तर मधल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना वीजच हुकूम देते, माणसाचा मेंदू नाही. त्याची इच्छा असो नसो, शरीर आखडतं. ही सगळी करामत त्या अंतरात आहे. तेच टेझर काटे न सोडता नुसतं अंगाला टेकवलं तर माणूस कोसळत नाही, त्याला फक्त दुखतं.

तुझ्या टॉर्चची टोकं दोन सेंटीमीटरवर आहेत. म्हणजे ती कायमच ‘फक्त दुखतं’ या प्रकारात मोडते.

आईला विचार, जाळ्यात कधी पाकटासारखा गोलसर, मऊ अंगाचा, हात लावला की झिणझिण्या देणारा मासा आला होता का. आपल्या समुद्रात तो असतो. ज्याने त्याला हात लावलाय तो सांगेल की कळ कोपरापर्यंत जाते, हात आपोआप मागे येतो, तोंडातून एक शिवी निघते, आणि खलाशी तो मासा फळीने बाजूला सारून पुन्हा कामाला लागतो. खाली कुणी पडत नाही. टॉर्चचं काम साधारण तेवढंच. शुद्धीवरचा, भित्रा माणूस हात काढून घेईल. दारू प्यायलेला किंवा पेटलेला माणूस दुखलं म्हणून थांबेलच असं नाही. तो जास्त चिडेल, आणि टॉर्च हिसकावून घेईल. बटण काही सेकंद दाबून, टोकं अंगावर रेटून धरावी लागतात. थंडीतल्या जाड स्वेटरवरून किंवा बोटीवरच्या प्लास्टिकच्या डगल्यावरून तेवढंही होत नाही.

आणि ज्यामुळे मी नाही म्हणते ते कारण असं. ही वस्तू वापरायची तर माणूस आईच्या हाताच्या अंतरात आलेला असायला हवा. म्हणजे जे व्हायला नको तेच आधी झालेलं असायला हवं. मागच्या वेळी त्याने मागून दंड धरला. दंड धरलेल्या हाताने, अंधारात, कनवटीची वस्तू काढायची, तिचं कुलूप सरकवायचं, मागे वळायचं आणि रेटून धरायचं, हे ५४ वर्षांच्या बाईने करावं अशी अपेक्षा आपण कशी करायची? ती ओरडली. तेच बरोबर होतं, आणि तेच लागू पडलं.

ओल्या हातांबद्दल विचारलंस. समोरच्याला लावलेली वीज त्याच्या अंगातून फिरून आईला लागेल, ही भीती बरीचशी खोटी आहे. वीज दोन टोकांमधली जवळची वाट धरते. पण खारं पाणी विजेला फार चांगली वाट देतं. टॉर्चच्या तोंडावर खारट ओल असली तर वीज त्या ओलीतूनच इकडची तिकडे जाईल, समोरच्याला नीट लागणारच नाही. ओल पार मुठीपर्यंत आली असेल तर आईच्या बोटांना चटका बसू शकतो. खाऱ्या हवेत आपल्याकडे दाराच्या कड्या गंजतात, तिथे स्वस्तातल्या टॉर्चचं बटण किती दिवस टिकणार? गरज पडेल त्याच पहाटे ते अडकेल. आणखी एक. ठिणगी म्हणजे आग. छोट्या होड्यांच्या मशिनांसाठी पेट्रोलचे कॅन बंदरावर कुठेही ठेवलेले असतात. तिथे असली वस्तू काढूच नये.

‘समोरचा मेला तर?’ हा प्रश्न तू विचारलास, याचं मला बरं वाटलं. अशा टॉर्चने धडधाकट माणूस मरण्याची शक्यता कमी. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. ही हत्यारं जीव न घेणारी म्हणून विकली गेली, आणि तरी माणसं गेली. अमेरिकेत पोलिसांनी टेझर वापरल्यानंतर मेलेल्या हजारावर माणसांची नोंद रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या दीडशेहून जास्त प्रकरणांत शवविच्छेदन करणाऱ्यांनी टेझरला मृत्यूचं कारण किंवा त्यातला वाटेकरी ठरवलं होतं. कुणाचं हृदय आधीच दुबळं असतं, कुणाच्या छातीत पेसमेकर असतो, कुणाच्या अंगात नशा असते. आणि बऱ्याचदा वीज मारत नाही, पडणं मारतं. ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावी, मे २०२३ मध्ये, वृद्धाश्रमातली ९५ वर्षांची आजी हातात सुरी आणि पुढ्यात चालण्याचा आधार घेऊन उभी होती. पोलिसाने टेझर चालवलं. ती पडली, डोक्याला मार लागला आणि त्यातच काही दिवसांनी गेली. त्या पोलिसाला पुढे सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं गेलं. आता तुमची जेटी डोळ्यांसमोर आण. काँक्रीटवर माशांचं पाणी आणि शेवाळ, बाजूला दोरखंड, नांगर, आणि कडेला खोल पाणी. तिथे नुसता दचकून मागे सरलेला माणूससुद्धा कुठे जाईल?

स्वतःच्या बचावाचा हक्क आईला आहेच. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत. पण तो हक्क गरजेपुरता आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि धोका संपला की हक्कही संपतो. तो पळायला लागल्यावर त्याच्या मागे धावून दिलेला धक्का बचावात बसत नाही. एवढं आईला एकदा समजावून सांग, तिच्या हातात काहीही असलं तरी.

मग हातात काय असावं? काठी. हसू नकोस, मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. ज्या शस्त्र कायद्याबद्दल वर लिहिलं, त्याच कायद्याने लाठी आणि साधी चालायची काठी घरच्या आणि शेतीच्या वापराच्या वस्तू म्हणून व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. पहाटे अंधारात साप आणि कुत्र्यांसाठी काठी घेऊन निघालेली बाई आपल्याकडे कुणाला वेगळी वाटत नाही. आणि काठीला लांबी असते. माणूस काठीच्या पलीकडे राहतो, टॉर्चच्या बाबतीत तो अंगाशी येतो. छातीपर्यंत येईल अशी, मुठीत मावेल एवढी जाड, टोकाला रबर लावलेली घे, म्हणजे ओल्या फरशीवर घसरणार नाही. मारण्यासाठी नव्हे, मध्ये धरण्यासाठी. आमच्या देवगडकडे म्हाताऱ्या बायका अशी काठी आडवी धरून बैल अडवायच्या.

मासे कापायची कोयती जवळ ठेवते असं आई म्हणाली तर तिला नको म्हण. हिसकावलेली कोयती तिच्यावरच येईल.

शिट्टीही हवी. प्लास्टिकची, आतला मणी नसलेली घे, म्हणजे पाण्याने बंद पडत नाही. गळ्यात नको, तो दोरा कुणी मागून ओढला तर गळा आवळेल. पदराच्या पिनेला किंवा मनगटाला बांधून ठेवू दे. साधी, चांगल्या उजेडाची टॉर्चही हवी. डोळ्यांवर एकदम उजेड पडला की अंधारातला माणूस क्षणभर आंधळा होतो, आणि तेवढ्यात आईला दोन पावलं मिळतात.

मिरचीचा स्प्रे अठरा वर्षांवरच्या कुणालाही परवान्याशिवाय घेता येतो, औषधाच्या दुकानातही मिळतो. तो टॉर्चपेक्षा कितीतरी बरा, कारण दोन-तीन मीटरवरून चालतो. पण किनाऱ्यावर त्याचा मालक वारा असतो, हे शहरात शिकवणारे सांगत नाहीत. मी एकदा समुद्रकाठच्या एका गावात बायकांच्या सरावाला गेले होते. सरावाचे डबे होते, आत नुसतं पाणी. दुपारची वेळ, खारा वारा जोरात. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रत्येकीच्या तोंडावर स्वतःचाच फवारा परत आला. खरं औषध असतं तर ओळच्या ओळ वाळूत बसली असती. तेव्हापासून मी आधी वाऱ्याचं सांगते. पहाटे वारा मतलई, जमिनीकडून समुद्राकडे. आई घरातून जेटीकडे जाते तेव्हा तो तिच्या पाठीवर असतो. समोरून कुणी आला तर फवारा त्याच्याकडे जाईल. मागून आला तर ती वळेल आणि वारा थेट तिच्या तोंडावर येईल. मागून आलेल्यासाठी स्प्रे नाही, काठी आणि शिट्टी. दिवस वर आला की वारा फिरतो, पण परतताना आईचं तोंडही फिरलेलं असतं, म्हणून तेव्हाही तो तिच्या पाठीवरच येतो आणि हिशेब तोच राहतो. आईला वारा मी शिकवायची गरज नाही, ती जन्मभर त्यावर जगली आहे. फक्त या गोष्टीशी तो जोडून दाखव. स्प्रे घेतलाच तर फुसकारणारा नको, पिचकारीसारखी सरळ धार जाणारा घे. डब्यावरची मुदत बघ. आणि एकदा उघड्यावर मारून पाहायला लाव. मारल्यावर उभं राहायचं नाही, बाजूला व्हायचं. आणि त्याच हातांनी डोळे चोळायचे नाहीत.

पैशांचंही बघ. लिलावाचे पैसे शक्य तेवढे फोनवरून जाऊ देत. बंदरावर आता बऱ्याच जणांकडे क्यूआर असतो. रोख न्यावीच लागली तर दोन ठिकाणी ठेवू दे. कमरेच्या पिशवीत वरवरचे, बाकीचे पोलक्यात किंवा पाटीच्या चुंबळीत. पिशवी ओढली तर सोडून द्यायची. हे तिला दहा वेळा सांग, कारण मागच्या वेळी तिने ती सोडली नाही असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

आता मी तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा जिथे थांबले तिथे येते. कोण होता ते कळलं नाही, असं आई म्हणते. पण ती वाट बदलते, आणि वर्षानुवर्षांचा दलालही बदलते. तू ही दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी लिहिलीस, आणि लगेच स्टनगनकडे वळलीस. मला वाटतं, ती दोन वाक्यं एकत्र का आली हे तुलाही आत कुठेतरी कळलं आहे.

तो दलालच होता असं मी म्हणत नाही. त्याचा गडी असेल, टेम्पोवाला असेल, त्याच्याकडे उठबस असलेला कुणी असेल. किंवा खरंच भाव परवडत नसेल. पण अनोळखी चोराला घाबरलेली बाई वाट बदलते, धंदा बदलत नाही. आणि पिशवी ओढली एवढंच झालं होतं का, हेही आपल्याला माहीत नाही. आपल्या आया दंडाला हात लावला इथपर्यंत सांगतात आणि पुढचं गिळतात.

ती गप्प का, याची कारणं बंदरावर वाढलेल्या मुलीला मी काय सांगू? माल उधारीवर येतो. दलालाची वही असते आणि त्या वहीत आईच्या नावावर काही आकडा असेल. जून-जुलैच्या बंदीत घर चालवायला उचल घेतली असेल. तो उद्या सगळ्यांसमोर वही उघडेल, हे भय चोरापेक्षा मोठं. शिवाय गावात नाव निघालं तर चार लोक विचारणार, ही एकटी पहाटेची तिथून जात होतीच का. म्हणून ती वळसा घालते. रोज, डोक्यावर पाटी घेऊन.

ती ओळखीच्या माणसाला घाबरत असेल तर तिच्या कनवटीला टॉर्च खोचून तू तिला काय सांगशील? की हे तुझं तूच निस्तर. तुझ्या मनात तसं नाही हे मला ठाऊक आहे. पण तिच्यापर्यंत ते तसं पोचेल.

म्हणून माझा खरा सल्ला हा. शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या पकड आणि घरी जा. शनिवारी काही विचारू नकोस. रविवारी पहाटे तिच्याबरोबर ऊठ आणि तिच्याबरोबर चाल, शाळेवरच्या त्याच वळशाने. चालताना ‘कोण होता’ असं विचारू नकोस. तो प्रश्न तिने एकदा बंद केला आहे, पुन्हा विचारलास तर तेच उत्तर येईल. ‘वहीत किती आहेत गं आपले?’ असं विचार. पैशाचं बोलणं तिला सोपं जाईल, आणि बाकीचं त्याच्या मागून येईल. नाही आलं तर ओढून काढू नकोस. उधारीचा आकडा कळला तरी फार झालं. तिच्या बचत गटातून कर्ज काढून किंवा तुझ्या पगारातून तो फेडता येतो का ते दोघी मिळून बघा. वही बंद झाली की तिचा आवाज पुष्कळ मोकळा होईल.

तिने नाव घेतलं आणि तक्रार करायची म्हणाली, तर तीन आठवडे उलटले म्हणून तक्रार मरत नाही. उशीर का झाला ते खरंखरं लिहायचं: भीती होती, उधारी होती. बळ वापरून अंगावरची वस्तू ओढणं हा गुन्हा आहे. हिसकावून चोरी करण्याला न्याय संहितेच्या ३०४ कलमात वेगळी जागा दिली आहे, आणि तिचा प्रयत्नही गुन्हाच. हात दुसऱ्या हेतूने लावला असेल तर कलम ७४ आहे. आपल्या किनाऱ्यावर जयगड, पूर्णगड, नाटे अशी सागरी पोलीस ठाणी आहेत. जवळ पडेल तिथे जा. आमची हद्द नाही असं कुणी म्हणालं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांग. हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि तक्रारीची प्रत फुकट मिळते. एकटीने पाठवू नकोस. तू जा, आणि बंदरावरची आणखी एखादी बाई बरोबर घे.

एक वाट फार कुणाला माहीत नसते. हात लावणारा धंद्यातलाच असेल आणि प्रकार तसा असेल, तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा केवळ कचेरीतल्या बायकांसाठी नाही. असंघटित क्षेत्र, स्वतःचा माल विकणारी माणसं, हेही त्याच्या व्याख्येत आहेत. लिलावाची जेटी हे आईचं कामाचं ठिकाण आहे, तिच्याकडे ओळखपत्र असो वा नसो. त्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते, तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात मिळतो. अर्ज घटनेपासून तीन महिन्यांत द्यायचा. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही.

ती तक्रार नको म्हणाली तर तिच्या नावाने परस्पर काही करू नकोस. निर्णय तिचा. पण तेव्हाही दोन गोष्टी कर. त्या बोळाने जाणारी ती एकटी नाही. चारच्या सुमाराला निघणाऱ्या बायकांची नावं काढ आणि कुठल्या तरी एकीच्या अंगणातून सगळ्या एकत्र निघतील असं ठरवून दे. ज्या अर्थी आईबरोबर हे झालं, त्या अर्थी आणखी एखादीबरोबर झालं असण्याची शक्यता आहे. पाचजणी बरोबर चालायला लागल्या की तेही बोललं जाईल. आणि बर्फाच्या कारखान्यामागे दिवा लावावा म्हणून ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार सोसायटीला लेखी अर्ज दे. तोंडी नको. पोचपावती घे. बोळ उजेडात आला की ती वाट पुन्हा सगळ्या बायकांची होईल.

आईच्या फोनवर ११२ कसा लावायचा ते करून दाखव. स्मार्टफोन असेल तर काही फोनमध्ये बाजूचं बटण लागोपाठ तीनदा दाबल्यावर मदतीचा फोन लागतो, काहींत पाचदा दाबावं लागतं. तिच्या फोनमध्ये काय आहे ते सेटिंगमध्ये बघ. साधा फोन असेल तर पाच किंवा नऊचा आकडा दाबून धरायचा असतो. हे ओल्या बोटांनी, अंधारात, पदराखाली जमतं का ते तिच्याकडून करून घे.

टॉर्च विकणाऱ्याला परत कर. परत घेत नसेल तर ती कुणाला देऊ किंवा विकू नकोस. ओळखीच्या वकिलाला विचारून ती पोलिसांकडे जमा कर. तोवर सेल काढून, मुलांचा हात लागणार नाही अशी ठेव.

शिट्टी मात्र मुंबईहूनच घेऊन जा, एक नको, पाच घे. काठी गावात मिळेल.